नाली ओली असतानाच मोजा: गावातल्या कामात पैसा खाल्ला जाऊ नये म्हणून काय काय करायचं

आमच्या गावात मारुतीच्या देवळापासून झेडपीच्या शाळेपर्यंत नाली बांधली होती. जूनच्या पहिल्याच मोठ्या पावसात तिची एक भिंत आडवी झाली आणि पाणी सरळ लोकांच्या घरात शिरलं. मी तेव्हा ग्रामपंचायत सदस्य होतो. लोकं चिडले, ग्रामपंचायतीसमोर जमले, खूप बोलाचाली झाली आणि मग कळलं की बिल तर मार्चमध्येच निघालंय, मोजमाप झालंय, सह्या झाल्यात, पैसे ठेकेदाराच्या खात्यात गेलेत. पडलेल्या भिंतीला टेप लावला तर जाडी साडेतीन इंच, इस्टिमेटमध्ये लिहिली होती सहा. ज्या मासिक सभेत ते बिल मंजूर झालं तिच्या रजिस्टरवर माझीही सही आहे, न वाचता केलेली, हे आजही टोचतं मला.

त्या दिवशी गावातले एक म्हातारे मिस्त्री काकाजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "अबे पोट्या, झाकल्यावर का पाहतं? झाकायच्या आधी पाह्य नं." तेवढं एक वाक्य धरून आम्ही पुढची पाच वर्षं कामं पाहिली. बिल निघायच्या आधी चोरी थांबवता येते, बिल निघाल्यावर नुसती तक्रार करता येते आणि तक्रारीला वर्षं लागतात. म्हणून खाली जे लिहितोय ते बहुतेक सगळं बिल निघायच्या आधीचं आहे. सदस्य असा, सरपंच असा नाहीतर साधे गावकरी, सगळ्यांना करता येण्यासारखं आहे.

पहिले कागद. कोणतंही काम एकाएकी होत नाही, आधी ते गावाच्या विकास आराखड्यात येतं, मग ग्रामसभेचा ठराव, मग अंदाजपत्रक, तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, मग टेंडर नाहीतर कोटेशन, मग कार्यारंभ आदेश म्हणजे वर्क ऑर्डर, काम झालं की इंजिनिअर एमबीमध्ये म्हणजे मोजमाप पुस्तिकेत मोजमाप लिहितो आणि त्यावरून बिल निघतं. यातला सर्वात कामाचा कागद म्हणजे अंदाजपत्रक, ज्याला आपण इस्टिमेट म्हणतो. लांबी, रुंदी, जाडी, खोदकाम किती, मुरूम किती, काँक्रीट कोणत्या ग्रेडचं, सगळं त्यात असतं आणि हे हातात नसेल तर कामावर जाऊन तुम्ही फक्त उभे राहाल, बाकी काही करता येणार नाही. काम सुरू व्हायच्या आधी ग्रामसेवकाला (आता त्या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय पण गावात ग्रामसेवकच म्हणतात) शांतपणे म्हणा की साहेब इस्टिमेटची आणि वर्क ऑर्डरची झेरॉक्स द्या. बरेचजण देतात, आपणच मागत नाही.

नाही दिली तर माहितीचा अधिकार आहे. 2005 चा कायदा, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही नाही, उत्तर 30 दिवसांत. पण इथंच लोकं चुकतात. सिमेंट रस्ता आठ-दहा दिवसांत होऊन जातो, तुमचे 30 दिवस भरेपर्यंत त्यावरून ट्रॅक्टर फिरायला लागतात, म्हणून काम आराखड्यात आलं की तेव्हाच अर्ज टाका. अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत ठेवा, महाराष्ट्राचा तसा नियम आहे, आणि "संपूर्ण माहिती द्यावी" असं मोघम लिहू नका तर कामाचं नाव, वर्ष आणि कोणत्या कागदाची प्रत हवी ते लिहा. या कायद्यात फक्त कागद नाही, कामाची पाहणी करायचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घ्यायचाही हक्क आहे आणि तो फार कमी जण वापरतात. उत्तर आलं नाही तर 30 दिवसांत पहिलं अपील पंचायत समितीतल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे, तिथंही नाही झालं तर 90 दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे, विदर्भासाठी नागपूर आणि अमरावतीला खंडपीठ आहे. अजून एक, 2018 च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हा पातळीवरच्या आणि खालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 लोकांना फाईल पाहायला मिळते, पंचायत समितीत गेलात तर हे आठवणीत ठेवा.

मोबाईलवर पण बरंच दिसतं. ई-ग्रामस्वराज या सरकारी वेबसाईटवर आपला जिल्हा, तालुका, गाव टाकलं की आराखड्यात कोणती कामं धरलीत आणि कोणत्या कामावर किती पैसा कोणाला गेला ते दिसतं. मार्च 2026 पर्यंतच्या 15 व्या वित्त आयोगाच्या पैशात 60 टक्के बंधित होते, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच घालायचे, 40 टक्के अबंधित. असं प्रमाण माहीत असलं की "निधीच नाही" म्हणणाऱ्याला नेमका प्रश्न विचारता येतो.

आता एक खास गोष्ट, जी आम्हाला दोन वर्षांनी कळली. कामांची नावं पाहा कशी असतात, "अमुक यांच्या घरापासून तमुक यांच्या घरापर्यंत सिमेंट रस्ता". पैसा येतो वेगवेगळ्या ठिकाणाहून, वित्त आयोग, जनसुविधा, 2515 (गावातल्या मूलभूत सुविधांच्या सरकारी निधीचा खाते क्रमांक, त्याच नावानं ओळखतात), दलित वस्ती सुधार, ठक्कर बाप्पा म्हणजे आदिवासी वस्ती सुधार, आमदार निधी, आणि प्रत्येकाची फाईल वेगळी. त्यामुळे तोच रस्ता एका फाईलमध्ये देवळापासून विहिरीपर्यंत असतो आणि दुसऱ्या फाईलमध्ये विहिरीपासून देवळापर्यंत, काम एकदा आणि बिल दोनदा. यावर उपाय एकदम साधा आहे: एका मोठ्या कागदावर गावाचा नकाशा काढा, गल्ल्या दाखवा आणि जे काम झालं त्यावर वर्ष, योजना आणि लांबी लिहून रंग मारा. आमच्या गावात शाळेतल्या पोरांनी गुरुजींसोबत तो काढला होता. एकाच गल्लीवर दोन रंग आले की लगेच डोळ्यात येतं, त्यासाठी कोणाला हिशेब शिकावा लागत नाही.

टेंडरचं पाहू. छोट्या कामाला कोटेशन मागवतात, त्यावरच्या कामाला ई-टेंडर लागतं. ही मर्यादा शासन निर्णयानं बदलत आलीये म्हणून चालू निर्णय कोणता ते पंचायत समितीत विचारून त्याची प्रत जवळ ठेवा. मर्यादा आली की ती चुकवायची युक्ती पण येते, 400 मीटरच्या रस्त्याचे चार तुकडे करायचे, चार वेगळी नावं द्यायची, चारही मर्यादेच्या खाली, म्हणजे टेंडर नको. असे शेजारी-शेजारी तुकडे एकाच महिन्यात एकाच माणसाला गेलेले दिसले तर मासिक सभेत लेखी विचारा की हे एक काम म्हणून का काढलं नाही, आणि तो प्रश्न प्रोसिडिंगमध्ये म्हणजे सभेच्या इतिवृत्तात लिहायला लावा. कोटेशनची तीन पाकिटं आली की तुलनात्मक तक्ता आणि मूळ तिन्ही कागद मागून समोर ठेवा. एकदा आमच्याकडे तीन दुकानांची कोटेशनं आली, लेटरहेड तीन, पण "पाण्याची टाकी" हा शब्द तिन्हीकडे एकाच हस्ताक्षरात आणि एकाच चुकीनं "पान्याची टाकि" असा लिहिलेला. ते तीन कागद शेजारी-शेजारी ठेवून मी फक्त एवढंच विचारलं की हे तिघं एकाच शाळेत शिकले का, आणि ती खरेदी त्या दिवशी रद्द झाली, नव्यानं कोटेशन मागवले.

नात्यागोत्याबद्दल कायदा एकदम स्पष्ट आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958, कलम 14, सदस्याचा किंवा सरपंचाचा ग्रामपंचायतीच्या कामात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हिस्सा असेल तर तो अपात्र होतो आणि तो निर्णय जिल्हाधिकारी देतात. "अप्रत्यक्ष" हा शब्द महत्त्वाचा आहे, कागदावर दुसऱ्याचं नाव आणि मिक्सर, ट्रॅक्टर, मजूर सगळे सरपंचाच्या घरचे, असं असेल तर ट्रॅक्टरचा नंबर आणि तारखेचा फोटो ठेवा. आणि जे स्वतः निवडून आलेत त्यांना हात जोडून सांगतो, आपला भाऊ, साळा, भाचा कुणी कामाच्या रांगेत असेल तर पहिल्याच सभेत सांगा, त्या विषयाला बाहेर जा आणि बाहेर गेल्याची नोंद करायला लावा. गावात लपत काहीच नाही, उलट आधी सांगितलं की मान राहतो.

आता प्रत्यक्ष काम, इथं जरा थांबून सांगतो कारण खरा पैसा इथंच जातो.

समजा रस्ता 100 मीटर लांब, 3 मीटर रुंद, 15 सेंटिमीटर जाड. गुणाकार केला तर 45 घनमीटर काँक्रीट. एम-20 ग्रेडचं काँक्रीट साध्या प्रमाणानं म्हणजे 1 सिमेंट, दीड रेती, 3 गिट्टी असं केलं तर घनमीटरला 50 किलोची साधारण 8 पोती लागतात, म्हणजे 360 पोती. आता जाडी 15 च्या ऐवजी 10 टाकली तर काँक्रीट लागलं 30 घनमीटर, 15 घनमीटरचं बिल हवेत, त्यात 120 पोती सिमेंट, आणि रेती-गिट्टी वेगळी. म्हणून रोज संध्याकाळी रिकामी पोती मोजायची आणि वहीत लिहायची. डिझाईन मिक्स म्हणजे लॅबमध्ये ठरवलेलं प्रमाण असेल किंवा तयार काँक्रीटची गाडी येत असेल तर पोत्यांचा हिशेब वेगळा होतो, तेव्हा गाडीची पावती आणि तिच्यावरचे घनमीटर मोजा.

जाडीत एक लबाडी आहे ती कडेनं उभं राहून कधीच दिसत नाही. दोन्ही बाजूला जे लोखंडी चॅनल लावतात ते बरोबर 15 सेंटिमीटरचे असतात, कडेची जाडी पूर्ण भरते, पण मधात मुरूम चढवून ठेवलेला असतो त्यामुळे मधली जाडी 8 नाहीतर 9 च पडते. काँक्रीट टाकायच्या आधी या चॅनलपासून त्या चॅनलपर्यंत दोरी ताणून धरा आणि दोरीपासून खालच्या मुरूमापर्यंत पाच ठिकाणी पट्टी लावा. दोन मिनिटांचं काम आहे. मिस्त्री काकाजींनी आम्हाला हे शिकवलं तेव्हा दोरी मधातल्या ढिगावर जवळजवळ टेकत होती, ठेकेदाराच्या माणसानं काही न बोलता फावडं मागवलं आणि मुरूम काढायला लागला. भांडण नाही, तक्रार नाही, काहीच नाही.

आपल्याकडची काळी माती विसरू नका. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडून आकसते, वरचं काँक्रीट कितीही चांगलं असलं तरी खाली खोदून मुरूम भरून पाणी मारून रोलर फिरवला नसेल तर दोन वर्षांत रस्ता मधातून फाटतो. हे सगळं झाकलं जाणारं काम आहे, खोदकाम, मुरूम, नालीच्या खालचा थर, आणि म्हणून याच्यातच सर्वात जास्त खोटं मोजमाप लिहिलं जातं. इंजिनिअर साहेबांनी झाकायच्या आधी येऊन मोजलं पाहिजे, नाही आले तर फोन करा आणि तोवर पुढचा थर टाकू देऊ नका असं ग्रामसेवकाला लेखी द्या. टेप लावलेला फोटो घ्या, त्यात कुणाचं तरी घर किंवा विजेचा खांब येऊ द्या म्हणजे जागा ओळखू येते, लोकेशनसहित फोटो काढणारं ॲप आता सगळ्यांकडे असतं.

आणि पाणी. आपल्याकडे कामं निघतात मार्च एंडला आणि चालतात एप्रिल-मे मध्ये, दुपारी 44-45 डिग्री, त्या उन्हात टाकलेलं काँक्रीट वरून लगेच वाळतं आणि आतून कच्चं राहतं. सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी टाकायला लावा, रस्त्यावर मातीचे आळे करून 14 दिवस पाणी साचवून ठेवायला लावा. यात गावानंही मदत करावी, ज्याच्या घरासमोर रस्ता आहे त्यानं संध्याकाळी दोन बादल्या टाकल्या तर काही कमी होत नाही, रस्ता त्याचाच आहे. मोठ्या कामात काँक्रीटचे 15 सेंटिमीटरचे ठोकळे भरतात आणि 28 दिवसांनी लॅबमध्ये दाबून पाहतात, ते ठोकळे तुमच्यासमोर याच काँक्रीटमधून भरले का ते पाहा आणि रिपोर्टची प्रत मागा.

बोलायची पद्धत पण सांगतो. मजुरांवर ओरडू नका, त्यांचा काही दोष नाही. एकटे जाऊ नका, चार-पाच जण जा, त्यात बाया असू द्या. ठेकेदार म्हणाला, "काऊन भाऊ, आता तुमी आमाले काम शिकवता काय?" तर त्याला इस्टिमेट दाखवा आणि म्हणा की आमाले येत नाही म्हणूनच यात काय लिवलं ते पाहून राह्यलो. आणि हेही खरं आहे की चांगले ठेकेदार आहेत. त्यांचं बिल सहा-सहा महिने अडकतं, टक्का दिल्याशिवाय फाईल हलत नाही, आणि तो टक्का शेवटी सिमेंटमधूनच निघतो. म्हणून काम नीट झालं असेल तर बिल वेळेवर काढा असा आग्रह पण गावानंच धरला पाहिजे, आम्ही दोनदा मासिक सभेत तसा विषय घेतला.

सरपंच ताईंसाठी एक वेगळी गोष्ट. ग्रामपंचायतीचा पैसा सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या सहीनं निघतो आणि ऑनलाईन पेमेंटला दोघांची डिजिटल सही म्हणजे डीएससीचा डोंगल लागतो. महाराष्ट्रात अर्ध्या जागा बायांसाठी राखीव आहेत पण कित्येक गावांत ताईंचा डोंगल ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये असतो नाहीतर भाऊजींच्या खिशात. डोंगल म्हणजे तुमचा अंगठा आहे, ताई. तो घरी कपाटात ठेवा, पासवर्ड स्वतः टाका, पेमेंट टाकायच्या आधी बिल, एमबी आणि जागेवरचा फोटो समोर मागा. पुढे चौकशी लागली तर नोटीस तुमच्याच नावानं येते, तेव्हा भाऊजींची सही कुठंच नसते.

अजून एक बोलायला अवघड विषय आहे. ठेकेदार गावात आला की पहिले देवळाच्या सभामंडपाला पावती फाडतो, मंडळाला वर्गणी देतो, कबड्डीच्या पोरांना टी-शर्ट देतो, आणि मग कामावर बोलायला गेलं की आपलेच लोकं म्हणतात जाऊ दे ना बाप्पा, चांगला माणूस आहे, देवाला देतो. मला यात काहीच चांगलं दिसत नाही, तो पैसा आपल्याच नालीतला आहे. आम्ही ग्रामसभेत ठराव घेतला की काम सुरू असताना आणि त्याचं बिल निघेपर्यंत त्या ठेकेदाराकडून कोणत्याही मंडळानं वर्गणी घ्यायची नाही. पहिल्या वर्षी पोरं रुसली होती. पण नंतर त्याच पोरांनी सर्वात जास्त पोती मोजली.

ग्रामसभेचं बोलू. वर्षातून चार सभा तरी व्हायलाच पाहिजेत, सूचना सात दिवस आधी, कोरम म्हणजे कमीत कमी हजेरी मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, जे कमी असेल ते. कोरम नाही म्हणून तहकूब झालेल्या सभेला मग कोरमच लागत नाही आणि तिथं पंधरा माणसांत सगळं मंजूर होतं, त्यामुळे पहिल्याच सभेला जा. कलम 8 प्रमाणे वर्षाच्या पहिल्या सभेत मागच्या वर्षाचा हिशेब आणि ऑडिटचा अहवाल ठेवावा लागतो, तो "वाचून दाखवला" असं लिहू देऊ नका, खरंच वाचायला लावा. आदल्या दिवशीची महिला ग्रामसभा सोडू नका, आमच्याकडे पाण्याच्या टाकीची गळती तिथंच पहिल्यांदा निघाली कारण पाणी भरणारीला माहीत असतं टाकी किती भरते. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात मेंढा गाव आहे, मेंढा लेखा म्हणतात, "आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्यांचीच, तिथं निर्णय मतदान करून नाही तर सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलून घेतात आणि सभेच्या आधी अभ्यास गट बसवून विषय समजून घेतात. एकमत आपल्याकडे लगेच जमणार नाही पण अभ्यास गट जमतो, पाच-सात जणांनी आदल्या रात्री इस्टिमेट घेऊन बसायचं एवढंच तर आहे.

एवढं करूनही कुणी ऐकलं नाही तर लेखी तक्रार, आणि ती मुद्देसूद. काम, योजना, इस्टिमेटमध्ये काय, जागेवर काय, फोटो, पाच-पन्नास सह्या. आधी गट विकास अधिकारी, मग जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, प्रत्येक वेळी पोच घ्यायची. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. सरपंच किंवा सदस्याचं गैरवर्तन सिद्ध झालं तर कलम 39 खाली विभागीय आयुक्त त्याला पदावरून काढू शकतात. तक्रारीत "सगळे चोर आहेत" असं लिहू नका, ज्याचा पुरावा हातात आहे तेवढंच लिहा, उरलेलं चौकशीत निघू द्या. आणि तक्रार मिटवायला कुणी चहाला बोलावलं तर जाऊ नका, जायचंच असेल तर सगळे मिळून जा.

कुणी सरळ पैसे मागितले, घरकुलाच्या हप्त्यासाठी असो की बिल काढायला, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर 1064. आधी ते मागणीची पडताळणी करतात, मग पावडर लावलेल्या नोटा देऊन सापळा लावतात, नोटा घेतलेल्या हातावर द्रावण टाकलं की ते गुलाबी होतं. सापळ्यात गेलेले पैसे तक्रारदाराला परत मिळतात. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे, पण जबरदस्तीनं द्यावी लागली आणि 7 दिवसांच्या आत कळवलं तर देणाऱ्यावर तो गुन्हा लागत नाही, म्हणून दिली असेल तरी गप्प बसू नका, दिवस मोजा.

आणि टेप घेताना 30 मीटरचा घ्या. आम्ही पहिले 5 मीटरचा घेतला होता, त्यानं लांबी मोजताना वीस ठिकाणी खडूची खूण करावी लागायची आणि प्रत्येक खुणेवर ठेकेदाराचा माणूस वाद घालायचा. आता तो टेप, दोरी, लोखंडी पट्टी आणि वही शाळेच्या कपाटात असते, चावी गुरुजींकडे, ज्याच्या गल्लीत काम सुरू होईल त्यानं सही करून न्यायची.